शेजारी, मशीन बंद करा

प्लायवूडवर दोनदा टकटक झाली की समजायचं, आता बोलणी खायची वेळ आली. पाठोपाठ आवाज यायचा, "शेजारी, मशीन बंद करा! गुणगुण यायली."

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान होतं आणि मधल्या प्लायवूडपलीकडे अप्पांचं, सीडी कॉपी करून देण्याचं. दोघांची वीज एकाच तारेवरून आलेली. माझं मशीन सुरू झालं की त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण शिरते, असं त्यांचं म्हणणं. मला ती कधीच ऐकू आली नाही. पण अप्पांच्या कानांशी वाद घालून कोण जिंकणार?

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला प्रत्येक गोष्टीतली खोट आधी दिसते. अप्पांना ती ऐकू यायची. कपाळावर भस्म, गळ्यात हेडफोन आणि चेहऱ्यावर कायम संशय. रिक्षा गेली तरी म्हणायचे, "हिचं बेअरिंग गेलं बगा."

क्लासची पोरं सरांच्या लेक्चरच्या सीड्या घेऊन यायची. सगळ्यांना घाई.

"अप्पा, समोरचा दोन मिनिटांत करून देतो की."

"मग तिकडंच जावा. खरखर आली की इकडं या."

आणि पोरं खरंच परत यायची. अप्पा सीडी उजेडात धरायचे, मऊ फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसायचे. गोल पुसणाऱ्याला त्यांच्या दुकानात स्थान नव्हतं. मग चांगली कोरी सीडी काढून अगदी कमी स्पीडवर कॉपी लावायचे. "घाईनं लिवलेलं अक्षर कुणाला वाचता येतं का ओ?" असं विचारून पोराला बाकावर बसवायचे. तोवर मी चहा मागवायचो. पाजायचो मी, आणि नावं ठेवायचे ते.

एकदा किल्लारीचे एक गुरुजी कॅसेट घेऊन आले. त्यात त्यांच्या वडिलांची भजनं होती. भूकंपात घर गेलं, आई-वडील दोघंही गेले. गुरुजी तेव्हा शिकायला औशाला होते आणि ही कॅसेट त्यांच्या खोलीवरच्या टेपमध्ये होती, म्हणून वाचली. आता भावंडांसाठी सीड्या करायच्या होत्या.

अप्पांनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि त्यांचं डोकं फिरलं. भजनात मधूनमधून एक थप थप येत होती. त्यांनी वायर बदलली, टेपचं हेड पुसलं, माझं मशीन तर दिवसातून कितीदा बंद करायला लावलं. थप जाईना. शेवटी आठवडाभर बसून एकेक थप शोधून त्यांनी ती दाबली. डिस्कवर जागा कमी, म्हणून आधीचं रेकॉर्डिंग पुसूनही टाकलं. मग मला मुद्दाम बोलावून ऐकवलं. आवाज खरंच काचेसारखा स्वच्छ आला होता. अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

गुरुजी आले. हेडफोन लावून ऐकू लागले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अप्पा, आई कुठं गेली?"

"आई? हितं बाईचा आवाजच न्हाई."

"आवाज न्हाई ओ. अण्णा भजन म्हणायचे तवा आई शेजारी भाकरी थापायची. तिचं एवढंच हाय माझ्याकडं."

अप्पांचा चेहरा मला बघवला नाही. परत उतरवायचं तर कॅसेट पुन्हा फिरवायला हवी होती, आणि तिची फीत पहिल्याच वेळी चुरगळली होती. "अजून एकदा फिरंल," अप्पा कसंबसं म्हणाले. "पुढचं सांगता येत न्हाई."

त्या दिवशी टकटक झाली नाही. अप्पा स्वतः माझ्या दारात आले आणि त्यांनी हात जोडले.

"शेजारी, आज हुकूम न्हाई. विनंती हाय."

परीक्षेचे दिवस, नोट्ससाठी पोरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. मी मशीन बंद केलं. रांगेतली एक मुलगी "काका, माझ्या नोट्स..." म्हणाली, मी तोंडावर बोट ठेवलं. लोडशेडिंगची वेळ जवळ आली होती. अप्पांनी स्पीकर लावला आणि बटण दाबलं. भरदार आवाजात भजन सुरू झालं आणि मागे थप, थप, थप. फीत मध्येच कुरकुरली तेव्हा गुरुजींनी डोळे मिटून घेतले. गल्लीतली ती सगळी घाईतली पोरं, एकही हललं नाही. शेवटची थप वाजून गेली, अप्पांनी रेकॉर्डिंग जपून ठेवलं आणि मगच श्वास सोडला.

"आली," गुरुजी म्हणाले. "आई आली."

"आता कॅसेट फिरवू नका. नुसती जपा," अप्पा म्हणाले आणि गुरुजींपेक्षा जास्त तेच रडले.

पुढे पेन ड्राइव्ह आले, मोबाइल आले. अप्पा दुकान आवरून लेकीकडे नांदेडला निघाले तेव्हा माझ्या हातात एक सीडी ठेवून म्हणाले, "बिघडलेली हाय. टाकून देऊ नका." मी हसून ती कपाटात ठेवली. खरं सांगतो, नंतर विसरलोही.

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीचा फोन आला, अप्पा गेले म्हणून. फार वाईट वाटलं. संध्याकाळी शोधून ती सीडी लावली. आत नुसती घरघर. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "काय खराब सीडी लावलीत, बंद करा!"

मी कान दिला. ती घरघर माझ्या झेरॉक्स मशीनची होती. तिच्यामागे रांगेतल्या पोरांचा गोंधळ आणि चहाच्या पेल्यांची किणकिण. अप्पांनी यातलं काहीही पुसलं नव्हतं. मग टकटक झाली, दोनदा.

"शेजारी, मशीन बंद करा!"

आणि घरात बसल्या बसल्या माझा हात आपोआप, तिथं नसलेल्या मशीनच्या बटणाकडे गेला.