खोलीत अंधार झालाय

फिटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पंप दुरुस्तीच्या कारखान्यात जन्म गेला, तेव्हा चिकटलेलं नाव निवृत्तीनंतरही सुटलं नाही. पुढे तो साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहायला लागला, तेव्हा खाली सहीसुद्धा तीच आली. संपादकबाईंकडे गंभीर सिनेमे बघायला माणसं रांग लावून होती. भुतांचे, खुनांचे आणि अवकाशयानांचे सिनेमे मात्र कोणाला नको होते. ते फिटरच्या वाट्याला आले. त्याने कुरकुर केली नाही. पंप काय, भूत काय, चालतं की नाही एवढंच बघायचं.

बाईंची अट एकच. अंक घराघरांत जातो, तेव्हा सिनेमात उघडी अंगं किती दिसतात ते शेवटी लिहायचं, म्हणजे पोराबाळांना घेऊन जाणाऱ्यांची फसगत व्हायला नको. फिटरने अट पाळली, पण आपल्या रीतीने. किती हे लिहून झालं की तो कशासाठी हेही लिहायचा. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या मनात भीती बसवायला कष्ट पडतात. दार केव्हा वाजवायचं, दिवा कुठे ठेवायचा, कोणाला किती वेळ गप्प बसवायचं, यासाठी डोकं झिजवावं लागतं. ज्याला ते झिजवायचं नसतं, तो मधेच एखाद्या बाईला आंघोळीला पाठवतो. अशा ठिकाणी फिटर सरळ लिहायचा, 'इथे दिग्दर्शकाने पाट्या टाकल्या आहेत.' आणि उघडं अंग दाखवल्याशिवाय गोष्ट पुढे सरकलीच नसती असं वाटलं, तर तेही तितक्याच सरळपणे लिहायचा. लोक त्याचं सदर शेवटाकडून वाचायला लागले. काही जण सिनेमाला जायचं नाही हे ठरवायला, काही जण जायचंच हे ठरवायला.

फिटरने लग्न केलं नव्हतं. घरात तो आणि त्याची थोरली बहीण. काचबिंदूने ताईची नजर गेली, मागोमाग मेहुणे गेले, आणि ती याच्याकडे राहायला आली. लहानपणी पांघरुणात घेऊन याला भुतांच्या गोष्टी सांगणारी तीच. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, मलाही ने सिनेमाला. दिसत नाही, पण घाबरता तर येतं.

तेव्हापासून दोघं शुक्रवारी दुपारच्या खेळाला जायची. फिटर तिच्या कानाशी लागून सांगायचा. दार किलकिलं झालंय. आत पाय दिसतोय. एकच पाय. ताईचा हात त्याच्या मनगटावर असायचा. भीती खरी असली की ती मनगट आवळायची, खोटी असली की हात तसाच पडून राहायचा. फिटरचं निम्मं परीक्षण त्या मनगटावर लिहून व्हायचं. दारावरचा तिकीट फाडणारा विचारायचा, काका, तुमच्या कॉमेंट्रीचं वेगळं तिकीट लावू का?

एका जागी मात्र कॉमेंट्री अडायची. पडद्यावर कोणी कपडे उतरवायला लागलं की फिटरची जीभ उचलायची नाही. जिने आपल्याला न्हाऊमाखू घातलं तिच्या कानात हे कसं सांगायचं? तो म्हणायचा, "खोलीत अंधार झालाय," आणि कपडे परत अंगावर चढेपर्यंत गप्प बसायचा. घरी छापून आलेलं सदर तिला वाचून दाखवताना शेवटचा परिच्छेद गाळायचा. जो मजकूर हजार घरांत जायचा, तो याच्या घरात तेवढा यायचा नाही.

मग तो खुनाचा सिनेमा आला. त्यात मेलेल्या माणसाची बायको खिडकीशी कपडे बदलते, पाठ उघडी पडते आणि पाठीवर भाजल्याचा डाग दिसतो. त्या डागावरून पोलीस तिला पकडतो. दाखवायला हवाच असा प्रसंग. फिटरने तसंच लिहिलं. ताईला मात्र तो म्हणाला होता, खोलीत अंधार झालाय. पोलिसाने तिला ओळखलं कशावरून, हे तिने येताना वाटेत दोनदा विचारलं, आणि याने रस्ता ओलांडायचं निमित्त काढून उत्तर टाळलं.

अंक आला त्या दिवशी फिटर दात दाखवायला गेला होता. शेजारीण सहज बसायला आली होती, तिने सदर वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

फिटर दारात बूट काढत होता. ताई आतून म्हणाली, "त्या बाईच्या पाठीवर डाग होता म्हणे."

"हो."

"तू म्हणालास खोलीत अंधार झालाय."

"ताई, ती बाई तिथे... तुला कसं सांगणार?"

"गावाला सांगितलंस की." तिचा आवाज चढला नाही. "डोळे गेले ते माझ्या नशिबाने, धाकट्या. हा अंधार तू केलास."

शुक्रवारी तिने रेडिओ लावला आणि मी येत नाही म्हणाली. पुढच्या शुक्रवारीही तेच. त्यानंतर कपाटावरची बॅग खाली काढून मागितली. लेक कधीची बोलावते आहे, म्हणाली. तिथे नातवंडं आहेत, ती तोंडावर खरं बोलतात. बॅग खोलीच्या मधोमध उघडी पडली. ती रोज त्यात एखादं लुगडं ठेवायची.

फिटर एकटा जाऊन आला. परीक्षण लिहून नेलं. संपादकबाईंनी वाचून कागद पुढे सरकवला. "काका, सगळे भाग सुटे करून मांडलेत. पाणी कुठे चढतंय?"

त्याला ते ऐकायच्या आधीच माहीत होतं. मनगट मोकळं होतं. पण परीक्षण पडलं तर दुसरं लिहिता येतं. बॅग भरत चालली होती, तिला काय करायचं?

माफी मागायची त्याला सवय नव्हती. तो बॅगेला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन बसला. "शुक्रवारी चल. जे दिसेल ते सांगेन."

"जे दिसेल ते?"

"जे दिसेल ते."

"परत एकदा अंधार झाला, की मी लेकीकडे चालले."

"आणि खरंच झाला तर?"

"तो मला कळतो," ताई म्हणाली. "खुर्च्या करकरायच्या थांबतात."

सिनेमा एका पडक्या घराचा होता. अर्धा होईपर्यंत माळ्यावर कोणीतरी चालत होतं, आणि ताईने मनगट चांगलं आवळलं. मग माळ्याचं दार उघडलं. अंधार हा शब्द जिभेवर आयता तयार होता.

"बाई जिना उतरतेय," तो म्हणाला. "म्हातारी आहे. अंगावर कपडा नाही."

मागच्या रांगा हसायला लागल्या.

"हसतात का?"

"तिला बघून."

"कशी आहे दिसायला?"

"तुझ्या वयाची. पोट ओघळलंय, छाती उतरलीय. गुडघे वाकलेत."

"भूत आहे?"

"नाही गं. नुसती म्हातारी. संगीत मात्र भुताचं वाजतंय."

मनगटावरचा हात तसाच पडून होता. "मग घाबरायचं कशाला?" ताईने विचारलं. लगेच पुढे म्हणाली, "उतरतेय कशी ते सांग."

फिटर इतका वेळ अंगच बघत होता. आता त्याने चाल बघितली.

"ताठ. कठड्याला हात लावत नाहीये."

"तसल्या गुडघ्यांनी?"

"तसल्याच."

ताईने मनगट धरलं. भ्यायल्यावर आवळायची तसं नाही. जिना उतरणाऱ्याला आधार द्यावा, तसं खालून धरलं. बाई शेवटची पायरी उतरेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिटरने लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद आला, तोही वाचला.

'उघडं अंग एकदा दिसतं, म्हाताऱ्या बाईचं. नुसतं म्हातारपण बघून लोक भितील असं दिग्दर्शकाला वाटलं. लोक हसले. त्याने पाट्या टाकल्या, बाईने नाही. कठड्याला हात न लावता ती सबंध जिना उतरते. तेवढ्यासाठी तिकीट काढायला हरकत नाही.'

"गुडघ्यांचं राहिलं," ताई म्हणाली.

"ते कशाला? बाईला वाचून वाईट वाटायचं."

"कष्ट तिने घेतलेत. गुडघे वाकलेले होते म्हणून तर जिना मोठा."

फिटरने गुडघे घातले. ताई थोडा वेळ रेडिओचं बटण चाचपत बसली, पण तो लावला नाही. पुढच्या शुक्रवारी काय आहे, तिने विचारलं. अवकाशयान आहे, तो म्हणाला. त्यात तर सगळे नखशिखांत पोशाख चढवून बसतात, ती म्हणाली, तुला काही त्रास नाही.

"सांगता येत नाही," फिटर म्हणाला.

"मग कडेची खुर्ची घे. माझा पाय अवघडतो." ती उठली आणि दोन पावलांवर थबकली. "आणि ही बॅग वर ठेव. येताजाता पायात येते."