कारण नंबर सात

कारखान्यात तिला सगळे नोंदबाई म्हणायचे. बावीस वर्षं ती एकाच टेबलाशी बसत होती. काम काय, तर कुठलं मशीन किती वेळ बंद राहिलं आणि का, याच्या चिठ्ठ्या प्रत्येक विभागातून यायच्या, त्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. कारणांना नंबर होते. तीन म्हणजे मशीन बिघडलं. सात म्हणजे कामगार जागेवर नव्हता.

आता खरी गंमत ऐका. तीन नंबर टाकला की चार पानी खुलासा आलाच, आणि दुरुस्तीचा इंजिनियर असला खडूस, की सुपरवायझरलाच समोर उभं करून त्याची उलटतपासणी घ्यायचा. सात टाकला तर कुणी हूं की चूं करत नसे. मग काय! पत्रा दाबणाऱ्या प्रेस विभागाचा सुपरवायझर चिठ्ठीवरचा तीन खोडून यायचा आणि म्हणायचा, "बाई, सात टाका. उगीच डोक्याला ताप नको." ती टाकायची. सुरुवातीला कचरली असेल, पुढे हाताला सवय झाली. हे वाचतंय कोण, असं तिला वाटे, आणि पुढची अकरा वर्षं खरोखरच कुणी वाचलं नाही.

त्याच प्रेस विभागात तिचा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो नववीत होता. तिनेच त्याला वाढवलं, कारखान्यात चिकटवलं, त्याचं लग्न लावलं; या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. भाऊ कामाचा इतका पक्का, की अंगात ताप असला तरी मशीनवर हजर. मशीन मात्र विभागातलं सगळ्यांत म्हातारं, दिवसाआड रुसून बसणारं.

मग वरच्या साहेबांनी नवी सिस्टीम आणली. जुन्या सगळ्या नोंदी चाळून ती म्हणे साहेबांना सांगणार, कुठे किती माणसं लागतात आणि पुढे काय करावं. साहेबांच्या खोलीत भिंतभर स्क्रीन लागली. आता निर्णय अंदाजाने नाही, माहितीवर! डोंबलाची माहिती. महिन्याभरात स्क्रीनने सल्ला दिला: प्रेस विभागातले कामगार सतत जागेवर नसतात, तरी काम भागतं, तेव्हा चाळिसातले चौदा कमी करा. ज्यांच्या मशीनवर सात जास्त, त्यांची नावं आधी. भावाचं नाव पहिलं.

"ताई, मी जागेवर नसतो?" भाऊ घरी येऊन नुसता धुमसत होता. "मी? कुठल्या नालायकाने लिहिलं हे?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळलेला तिनेच.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, ते सात खोटे आहेत. मशीन बंद पडायचं. मीच भरलेत ते. हवं तर हजेरी बघा, माणसं रोज आलीत."

"हजेरी वेगळ्या सिस्टीममध्ये असते बाई, ती याला जोडलेली नाही," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, ऐकून घेतलं त्याने. "तुम्ही नोंदी दुरुस्त करा. पण चूक तुमची होती, असं सहीनिशी लिहून द्या."

तिने सही ठोकली. आपली नोकरी गेली तर गेली, पोराची राहू दे. मग गोदामातून चिठ्ठ्यांचे खोके उपसले. चार दिवस मान वर केली नाही. खोडलेला तीन उजेडात धरून बघायचा आणि सात पुसून तीन भरायचा. दोन हजारांवर नोंदी झाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला.

पाचव्या दिवशी साहेबांनी तिच्यासमोरच सिस्टीमला पुन्हा विचारलं. उत्तर यायला मिनिटभरही लागलं नाही. या विभागातली मशीनं दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहेत. विभाग बंद करा, माल बाहेरून बनवून घ्या. चौदा नाही, चाळीसच्या चाळीस.

"बरं झालं बाई, वेळेवर खरं सांगितलंत," साहेब मनापासून म्हणाले. "नाहीतर माझ्या हातून चुकीचा निर्णय झाला असता. तुमच्यासारखी माणसं नोंदीवर हवीत. तो कागद मी फाडून टाकतो."

संध्याकाळी भाऊ जेवायला बसला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या सातापासून. भावजय हातातली पळी तशीच धरून ऐकत राहिली.

"तुझी नोकरी राहिली का?" सगळं ऐकून भावाने एवढंच विचारलं.

"राहिली."

"मग बरंय," तो म्हणाला, आणि भरलं ताट सरकवून उठला.