बिनखसखशीचे अनारसे

सोलापूरच्या बुधवार पेठेतून कुणी परदेशी निघाला की आधी पासपोर्ट येतो, मग व्हिसा, आणि शेवटी मीनाबाई त्याची बॅग उपसतात.

मीनाबाईंनी मस्कतच्या एका रुग्णालयात आया म्हणून अर्धं आयुष्य काढलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सोलापुरी चादर धुऊन गॅलरीच्या रस्त्याकडच्या कठड्यावर पसरली. आपल्याकडं सगळी गल्लीच पसरते. तिथं त्याला बंदी, म्हणून दारात गणवेशातला माणूस आला. बाईंनी वाद घातला नाही. चादर आत घेतली, माफी मागितली आणि वाळत कुठं घालायची ते त्यालाच विचारून घेतलं. पुन्हा कधी गणवेश दारात आला नाही. “पोलिसाला भ्यायचं नाही,” त्या सांगतात, “अन् त्याला काम बी लावायचं नाही.”

दिवाळी नुकतीच सरली होती. सांगोल्याकडच्या मायाक्का लेकाला घेऊन आल्या. बिरुदेव चिंचोळी एमआयडीसीत क्रेन चालवायचा, आता दुबईत चालवणार होता. मुंबईची गाडी संध्याकाळी होती.

बॅगेतून पहिल्यांदा पिवळ्या भुकटीची पुडी निघाली.

“बिरोबाचा भंडारा हाय,” मायाक्का म्हणाल्या.

“मला कळतंय, आक्का. तिथल्या पोलिसाला कसं कळावं? कपाळाला हितंच लावा, पुडी घरी न्या.”

“देवाला घरी ठिवून जायाचं व्हय?”

“देवाला व्हिसा लागत नाही. पुडीला लागतो.”

बिरुदेव हसला. मायाक्कांनी त्याचं कपाळ भंडाऱ्यानं माखलं. मग मीनाबाईंनी डबा उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला. आत अनारसे होते, वर दाट खसखस.

“हे न्यायचं नाही.”

“का? तुपातलं हाय की!”

“खसखस म्हणजे अफूचं बी. तिथं बंदी आहे. सापडली तर विमानतळावरनं थेट कोठडीत.”

“आगं बया! लेकरू अनारसं घिऊन चाललंय का गांजा?”

बिरुदेवनं युक्ती काढली. “मग पोटात घालून नेतो की, मावशी. पोटाची झडती थोडीच घेत्यात?”

त्याचा हात डब्यापर्यंत जातो तोच मीनाबाईंची चापट बसली. “लघवी तपासतात! आत्ता कुठं तिकडची नोकरी लागलीय, एका अनारशापायी घालवतोस?”

शेवटी अनारसे गल्लीनं खाल्ले. ज्याच्यासाठी तळले तो समोर बसून नुसता चहा पीत राहिला. मायाक्कांना ते बघवेना. शहरातल्या बहिणीला द्यायला आणलेला अनारशाच्या पिठाचा गोळा त्यांच्या पिशवीत होता.

“बाई, तीळ चालत्यात का?”

“तीळ चालतात. पण आधी हात धुवा.”

मीनाबाईंनी डबा स्वतः घासला, पुसला, उन्हात धरून पाहिला. मायाक्का त्यांच्याच गॅसवर तीळ लावलेले अनारसे तळत बसल्या. गाडीच्या वेळेपर्यंत डबा भरला.

बिरुदेव दुबईला उतरला. तिथल्या अधिकाऱ्यानं डबा उघडला, तीळ बोटांत चोळून पाहिले, झाकण लावलं आणि ‘जा’ म्हणून खूण केली. बातमी कळताच मायाक्कांनी मीनाबाईंना फोन लावला.

“लई बरं झालं, बाई. पर त्या पोलिसानं एक बी खाल्ला न्हाय?”

“ड्यूटीवर होता, आक्का.”

“मग आत्ताच पोराला सांगते. सुट्टी मिळाली की चार अनारसं त्येला नेऊन दे म्हणून.”

मीनाबाईंनी तो फोन ठेवला आणि मायाक्कांच्या आधी बिरुदेवला फोनवर गाठलं.