फुली मारलेलं नाटक

मी नाटक लिहिलं, यावर कुणाचा म्हणजे कुणाचा विश्वास बसला नाही! चौथी शिकलेली बाई, पलूसजवळच्या शेडमध्ये बेदाणा निवडते, ती काय नाटक लिहिणार? अविश्वासाचे एवढे किस्से साठलेत, की पंधरा किलोची पेटी भरून वर उरतील.

पहिले आमचे मालक, म्हणजे नवरा. मिलिटरीतनं रिटायर झालेले. वही उलटीपालटी केली, कव्हरच्या आत बघितलं आणि विचारलं, "कुठनं उतरवलंस?"

म्हटलं, "तुमच्या तोंडातनं. सासूचं सोडलं तर निम्मं तुमचंच हाय."

वही काखेत मारून बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी गोठ्यात सापडले. म्हशीपुढं उभं राहून मोठ्यानं वाचत होते!

*

सांगलीच्या एकांकिका स्पर्धेचा फॉर्म भरायला गेले. टेबलावरच्या पोरीनं विचारलं, "लेखकाचं नाव?"

"माझंच."

"तसं नाही मावशी. मिस्टरांनी लिहिलंय का?"

"त्यास्नी रजेचा अर्ज लिवायला दुसरा जवान लागायचा!"

ती हसली आणि रकान्यात तिच्या मनानंच लिहिलं, 'बेदाणा शेड महिला मंडळ'. पुढं शाई वाळली, फॉर्म गेला. आणि मला हवं होतं एकच. माईकवरनं माझं नाव.

*

नाटक बसवायला वाईहून एक सर आले. माणूस चांगला, पण 'हाय' दिसलं की त्याचं 'आहे' करायचा. आमच्या शेडमधली हौसाक्का सासू झालेली. ती ताठ उभी राहून म्हणाली, "मला भूक लागली आहे."

 तिच्याबरोबर काम करणारी सुरेखा हळूच म्हणाली, "सर, सासू आजारी हाय का?"

मी म्हटलं, "खरी भूक लागलेल्याला 'आहे' म्हणायला दम असतो व्हय?"

सरांनी स्वतःच खोडरबर मागितला.

*

नाटक लांबलं होतं. सरांनी गाळायच्या वाक्यांवर फुल्या मारल्या आणि "पाठ करून ठेवा, आठवड्यानं येतो" म्हणून गेले.

आता आमच्या शेडमध्ये फुली म्हणजे काय? एक नंबर माल! पेटीवर फुली दिसली की ती आधी गाडीत चढवायची.

आठवड्यानं बायकांनी धडाधड म्हणून दाखवलं. नेमकी फुलीचीच वाक्यं, बाकीची गाळून! सर डोकं धरून ऐकत होते. मधेच हसायला लागले.

"मी कापलं होतं ते हे?"

"व्हय."

"मग हेच करा!"

*

स्पर्धेला आमचा मुकादम बबनराव पहिल्या रांगेत बसलेला. सुरेखाला त्यानं हौसेनं आपली टोपी दिलेली. नाटकात काय आहे, ते कुणीच त्याला सांगितलं नव्हतं.

सुरेखा टोपी घालून, कमरेवर हात ठेवून ओरडली, "हात चालवा गं, तोंड न्हाई!" आणि स्वतः मूठभर बेदाणे तोंडात टाकले. हॉल फुटला! मागं बसलेल्या आमच्या शेडच्या बायका तर बाकावर उभ्या राहिल्या. बबनरावाचं रोजचं वाक्य ते, आणि रोजची मूठही.

पडदा पडला तसा गडी स्टेजवर चढला. निवेदकाच्या हातातला माईक ओढला.

"हे कुणी लिवलं? मंडळ-बिंडळ सांगू नका! एकीचं नाव पायजे मला!"

हौसाक्कानं माझ्याकडं बोट केलं. मग सुरेखानं. मग सगळ्यांनी.

बबनरावानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अकरा वर्षं हजेरी घेतोय माझी. त्याच आवाजात, पण आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा, माईकमधनं ओरडला,

"शालन आप्पासो मोहिते!"