हा कोणासोबत आला?

रामटेके सर ऑफिसात आले की आधी हजेरी घेत. माणसांची नव्हे, फाइलींची. कॉम्प्युटरवरचं फोल्डर उघडून एकेका फाइलचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि अनोळखी नाव दिसलं की खुर्ची वळवून विचारायचं, "हा कोण? अन् कोणासोबत आला?" उत्तर मिळेपर्यंत चहाला हात लावत नसत. मी नवीनच लागले होते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या माणसाचा एखादा स्क्रू ढिला असावा.

आमचं ऑफिस गोंदियात, एका किराणा दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. आम्ही जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहीत असू. जावाचा मोठा प्रोग्राम कोणी सगळा स्वतः लिहीत नाही; निम्मं काम दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार गठ्ठ्यांकडून करून घेतात. त्यांना जार म्हणतात. गोची अशी, की एका जारला चालायला दुसरी लागते, दुसरीला तिसरी.

"पाहुणा एकटा येत नाही, वैशाली," सर सांगत. "सोयरे घेऊन येते. अन् दोन पाहुण्यांचे सोयरे एकाच नावाचे निघाले, त जावा तुले विचारत नाही कोणता पायजे म्हणून. जो आधी दिसला, त्यालेच धरते."

मी हसले. सर हसले नाहीत.

सरांनी पुण्यातली चांगली नोकरी सोडून गोंदिया का गाठलं, हे मला एकदा डबा खाताना कळलं. त्यांच्या मुलीला, मिनूला, सिकलसेल होता. आमच्या भागात हा रक्ताचा आजार पुष्कळ, म्हणून त्याची तपासणी आणि औषधंही इथं हाताशी, शिवाय घरची माणसं जवळ. तपासणीत ज्याच्या रक्तात तो नुसता लपून बसलेला निघतो, त्याला पिवळं कार्ड देतात. ज्याला तो भोगायचा असतो, त्याला लाल.

"आमच्यात पत्रिका पाहत नाहीत," सर भाजी चिवडत म्हणाले. "बाबा तर अभिमानानं सांगत, आमी असलं काही मानत नाही म्हणून. बरोबरच होतं. पण रक्त पाहावं, हे कोणाच्या डोक्यातच नाही आलं. मी पिवळा, तुझी वहिनी पिवळी. एकेकटे दोघंही ठणठणीत. आमाले कधी काही झालं नाही. जे झालं ते पोरीले."

त्यानंतर हजेरीच्या वेळी मला हसू आलं नाही.

आम्ही करत होतो ते कामही रक्ताचंच होतं. तालुक्याच्या दवाखान्यातून गोंदियाच्या रक्तपेढीत फोन लावता लावता नातेवाइकांचा जीव जायचा. फोन सदा गुंतलेला. आता सिस्टरनं स्क्रीनवर रक्तगट टाकायचा आणि पेढीत किती पिशव्या आहेत ते लगेच दिसायचं. सरांनी हे काम मागून घेतलं होतं. मिनूला वरचेवर रक्त लागे.

पेढीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं तर तो ज्या कंपनीनं बसवला तिचीच जार आपल्या प्रोग्रामात घालावी लागते. ती आली, सरांनी हजेरी घेतली आणि हात थांबवला. तिनं सोबत आणलेली एक जार आमच्याकडेही होती. नाव तेच, आवृत्ती वेगळी.

"एकेकटे दोघंही ठणठणीत," सर पुटपुटले.

कंपनी म्हणाली, नवी जार पुढच्या महिन्यात देऊ. इकडे उद्घाटनाची तारीख ठरलेली, हार सांगून झालेले. आमचे मालक दारात उभे. "सर, चल रहा है ना? फिर डर काहे का?"

चालत होतं, हे खरं. आमच्या मशीनवर दरवेळी चाललं. सरांनी बिघडवायला जंग जंग पछाडलं, तरी बिघडलं नाही. "इथं चालते म्हणून तिथं चालन असं नाही," ते म्हणत राहिले, "तिथं कोणता आधी दिसन, आपल्याले का माहीत?" पण त्यांच्या भीतीला पुरावा नव्हता, आणि पुरावा नसलेली भीती ऑफिसात कोण ऐकतो. शेवटी सरांनीच एसटीनं गावोगाव फिरून अर्जुनी मोरगावला, गोरेगावला, तालुक्याच्या सगळ्या दवाखान्यांत प्रोग्राम आपल्या हातानं बसवला.

उद्घाटन झालं. पेढे वाटले गेले. कुठूनच तक्रार आली नाही. सर मात्र फोन वाजला की दचकत. डबा तसाच परत नेत. मी म्हटलं, "सर, सगळं नीट चाललंय, आता तरी जेवा."

"काहीच होऊन नाही राहिलं," सर म्हणाले. "तेच मले बरं नाही वाटत."

मिनू सुटीत आईसोबत आजीकडे गोरेगावला गेली होती. बाजाराच्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन ऑफिसात आला. पोरगी पांढरीफटक पडली होती, धाप लागली होती. "सिस्टर म्हणते गोंदियात तिच्या गटाचं रगतच नाही. स्क्रीनवर शून्य दाखवते. नागपूरले घेऊन जा म्हणते."

सरांनी थेट रक्तपेढीत फोन लावला. गुंतलेला. पुन्हा गुंतलेला. लागला तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "स्क्रीन नोका पाहू, भाऊ. फ्रीज उघडा अन् डोळ्यानं पाहून सांगा."

पिशव्या होत्या. अख्खी ओळ होती. पेढीतला एक माणूस मोटरसायकलवर घेऊन निघाला आणि मिनू वाचली.

मला वाटलं, आता सर मोकळे होतील. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी आणि मी गोरेगावला जाऊन ते मशीन तपासलं. तिथं जावाला दुसरी जार आधी दिसत होती आणि दोघींचं पटत नव्हतं. अशा वेळी कंपनीची जार बोंब मारायची सोडून गुपचूप रिकामी यादी देत होती, आणि आमची स्क्रीन रिकाम्या यादीला शून्य म्हणत होती.

सरांनी सिस्टरला विचारलं, "बाई, माझ्या पोरीच्या आधी कितीक जणांना परत पाठवलं?"

"स्क्रीन नाही म्हणे, त मीबी नाही म्हटलं, सर. कोण मोजते?"

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मिनू वाचली, कारण तिचा बाप मी होतो. ज्याचा बाप मी नव्हतो, त्याचं काय झालं असन?"

प्रोग्राम त्यांनी दुरुस्त केला, सगळीकडे जाऊन बसवला आणि नोकरी सोडली. मग बाजाराच्या दिवशी ते गोरेगावच्या दवाखान्याच्या फाटकाशी बसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, तुमच्याकडलं कोणी रक्ताविना परत गेलं काय. मी रागावले. म्हटलं, "सर, कायले उकरून काढता? मिनूकडे पाहा."

पुढे एकदा ते गोंदियाशेजारी मुर्रीला माझ्या घरी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सापडला."

गोरेगावजवळच्याच खेड्यातला माणूस. बायको बाळंतीण झाली, रक्तस्राव थांबेना. तिचा गटही मिनूचाच. गोंदियात रक्त नाही म्हणून नागपूरला नेताना वाटेत गेली. ते मिनूच्या आधी आठवडाभर.

"सांगायलेच गेलो होतो," सर म्हणाले. "तो मले चहा पाजून राहिला होता. मांडीवर पोरगं होतं. म्हणे, सर, रगतच नव्हतं, त कोणाले दोष द्यायचा? मी चहा पेलो अन् उठलो."

सरांबद्दल मला इतकी माया कधी वाटली नव्हती, आणि त्यांच्याजवळ बसायची इतकी भीतीही.

आता मी नागपूरला असते. हल्ली सगळ्या जार, सोयऱ्यांसकट, मशीन आपणहून आणतं. तरी मी एकेक नाव मोठ्यानं वाचते आणि नवी मुलं एकमेकांना कोपरानं ढोसतात. ढोसू देत.

मागच्या वर्षी सर गोंदियाच्या स्टँडवर भेटले. केस पिकलेले, हातात बिस्किटांचे पुडे आणि एक नवं दप्तर. मिनू कॉलेजात जाते, म्हणाले. दप्तर त्या गेलेल्या बाईच्या पोरासाठी. सर दर महिन्याला त्या घरी जातात. तो माणूस त्यांना थोरला भाऊ मानतो, पोरगं मोठे बाबा म्हणतं.

"आज सांगून टाकतो," सर म्हणाले. "पोरगाही आता समजण्यासारखा झाला."

गाडी लागली. सर चढले आणि खिडकीतून त्यांनी मला हात केला. त्याच्या आधी भेटले होते, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.