‘माहीत आहे’ नावाची यादी

अकोल्याहून परत आलेला बेबी वॉर्मर अमरावतीला आमच्या लॅबच्या टेबलावर होता. सेन्सरची वायर मी हाताने उपटली. अलार्म वाजायला हवा होता. वाजला नाही. स्क्रीनवर साडेछत्तीस अंश तसेच.

बेबी वॉर्मर म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देणारं यंत्र. त्याच्या आतला प्रोग्राम आम्ही लिहितो. वायर निघाली की सेन्सर शून्याखालचा आकडा पाठवतो, तो आला की अलार्म वाजवायचा. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका दवाखान्यात वायर निघाली. यंत्र शेवटचा चांगला आकडा दाखवत राहिलं आणि बाळ उबेत आहे असं समजून हीटर बंदच. सिस्टरने बाळाचे पाय चाचपले तेव्हा ते गार पडले होते. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं.

मी कोड कम्पाइल केला. कम्पायलर आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत नेतो आणि कुठे खटकलं तर वॉर्निंग देतो. काम अडवत नाही, नुसती शंका काढतो. आमचा एकच कोड चार प्रकारच्या यंत्रांत चालतो, त्यामुळे वॉर्निंग हजारो. म्हणून ऑफिसचा रिवाज असा, की ज्याची फाईल त्याची वॉर्निंग. दुसऱ्याच्या फाईलीत बोट घातलं की माणसं फुगून बसतात. सेन्सरची फाईल लिहिणारा नोकरी सोडून गेला होता. अशा बेवारस वॉर्निंग आम्ही एका यादीत टाकायचो. यादीत गेली की ती पुन्हा दिसत नाही. यादीचं नाव ‘माहीत आहे’.

ती उघडली. सेन्सरच्या फाईलपुढे लिहिलं होतं, ही अट कधीच खरी होणार नाही. उणे आकडा मावतच नाही अशा जागेत सेन्सरचा आकडा ठेवला होता. तो शून्याखाली जाणार कसा? उलट अवाढव्य व्हायचा, आणि पुढची ओळ त्याला कचरा समजून फेकून द्यायची.

यादीत टाकणारीचं नाव माझंच. एका दुपारी बसून मी ढीगभर वॉर्निंग तिथे ढकलल्या होत्या, आणि स्क्रीन साफ झाली म्हणून खूश झाले होते. लाज वाटली स्वतःची. अजून वाटते.

गावंडे सर, आमचे मॅनेजर, मला घेऊन अकोल्याला बाळाच्या वडिलांकडे गेले. सलीमभाई शिवणकाम करतात. त्यांनी आधी पाणी दिलं. सरांनी तांत्रिक बिघाड वगैरे सांगितलं. ते ऐकून घेऊन सलीमभाईंनी एवढंच विचारलं, “तुमच्यापैकी कोणालेच मालूम नव्हतं का?”

“नाही भाऊ,” सर म्हणाले.

“होतं,” मी म्हणाले. “यंत्रानं सांगितलं होतं. मीच बाजूला टाकलं.”

सलीमभाई उठून आत गेले. परतीच्या वाटेवर सर एकदाच बोलले. “काहून बोलल्या मॅडम तुमी?”

विकलेली सगळी यंत्रं परत मागवली. यादी मी पुसून टाकली, तशा लपलेल्या वॉर्निंग पुन्हा दिसायला लागल्या. आता वॉर्निंग किती आहेत ते मी मोजत नाही आणि फाईल कुणाची तेही विचारत नाही. ही वॉर्निंग खरी निघाली तर गार कोण पडेल, एवढंच बघते.