बरं हाये

मेहकरकडच्या खेड्यातून लग्न करून द्वारका कर्वेनगरात आली, त्याला सोळा वर्षं झाली. नवरा सुदर्शन कारखान्यात पाळीवर, आणि ही एका मेसमध्ये पोळ्या लाटायला. तिथं जेवायला येणाऱ्या नम्रता मॅडमनी तिचं बोलणं ऐकलं. त्यांच्या कंपनीला वऱ्हाडी कळणारा कान हवा होता. द्वारका बारावी शिकलेली. लाटणं ठेवलं आणि हेडफोन लावून खुर्चीत बसली.

दवाखान्यातून घरी गेलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कंपनी फोन करून तब्येत विचारायची. ते साठवलेलं बोलणं द्वारकानं ऐकायचं आणि पडद्यावरच्या चार खणांपैकी एकावर टिचकी मारायची: समाधानी, चिंतेत, रागात, दुःखी. त्यावरून यंत्र माणसाचं मन ओळखायला शिकणार होतं.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी म्हणाली, "बरं हाये." द्वारकानं 'दुःखी'वर टिचकी मारली. मॅडमनी विचारलं, कशावरून? तिला धड सांगता येईना. आमच्याकडचा बरा माणूस आधी कुरकुर करतो, म्हणाली. गुडघा दुखतो, सून बोलत नाही, लाईट जाते. नुसतं 'बरं हाये' म्हणून गप्प बसला, की समजायचं आत काहीतरी बिनसलंय.

"द्वारकाताई, आजी बोलल्या तेवढंच नोंदवायचं," मॅडम म्हणाल्या. "मनकवड्यांची जागा आपल्याकडे निघालेली नाही."

आजूबाजूच्या पोरी हसल्या. द्वारकाही हसली.

सुरुवातीला बोट अडखळायचं. पण दिवसाला तीनशे आवाज ऐकायचे, तर अडखळून कसं भागणार? दिवाळीपर्यंत हात बसला. 'बरं हाये' आलं की समाधानी. पुढचा.

चैत्रातल्या एका दुपारी डबा खाताना तिनं आबांना फोन लावला. आबा म्हणजे तिचे वडील, रंगनाथ. गावी तिच्या भावाकडे, वैजनाथकडे राहायचे. एरवी फोन उचलला की गाऱ्हाण्यांचं गाठोडंच सोडायचे. वैजनाथ ऐकत नाही, गाय आटली, डोळ्याला कमी दिसतं. द्वारका वैतागून फोन दुसऱ्या कानाला लावायची. त्या दिवशी म्हणाले, "बरं हाये, बाई. तू काई फिकर करू नको."

जेवलात का, तिनं विचारलं. जेवलो, म्हणाले. तिनं फोन ठेवला, डब्याला झाकण लावलं आणि कामाला बसली. मनात कुठं खुट्ट झालं नाही.

चौथ्या दिवशी वैजनाथचा फोन आला. आबा गेले. आठवडाभर छातीत कळा येत होत्या म्हणे, पण कुणाला कळू दिलं नव्हतं.

तेरावं करून ती परतली. मॅडमनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. मग तिला जरा बरं वाटावं म्हणून चांगली बातमीही सांगितली. यंत्राची परीक्षा झाली होती. द्वारकानं ऐकलेले शंभर आवाज त्याला ऐकवले, तर सत्त्याण्णव वेळा त्याचं उत्तर तिच्यासारखंच. "तुमच्या तोडीचं झालं ते. माणसाच्या बुद्धीशी बरोबरी म्हणजे आणखी काय असतं?"

द्वारकानं आपला फोन पुढं केला. त्यात प्रत्येक बोलणं आपोआप साठायचं. हे एक त्याला ऐकवा, म्हणाली.

मॅडमनी ऐकवलं. यंत्रानं क्षणात उत्तर दिलं: समाधानी. आवाज कुणाचा ते मॅडमच्या तेव्हा ध्यानात आलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

"ते माह्यासारखं नाई झालं, मॅडम," द्वारका म्हणाली. कामावर ती असं गावाकडचं सहसा बोलत नसे. "मीच त्याच्यासारखी झाली."

मग ती जुने सगळे आवाज परत मागायला लागली. पहिल्यापासून पुन्हा ऐकते, चुकलेले सुधारते, हवं तर रविवारी येते. मॅडम हळूच म्हणाल्या, ते आता यंत्रात मुरलं. कालवणातलं मीठ वेचून काढता येत नाही.

"मग त्या लोकांना आता फोन कोण करतं?"

यंत्रच करतं, मॅडम म्हणाल्या. गेल्या सोमवारपासून.

द्वारकानं घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून गेले होते. तिकडं कुठल्याशा गावात एखादी म्हातारी पदराला हात पुसत फोन कानाला लावत असेल. बरं हाये, म्हणत असेल. आणि यंत्र पुढचा नंबर फिरवत असेल.